उन्हाळ्यातलं फ्लॉरेन्स: तीन दिवसांसाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांना

फ्लॉरेन्सचं जुनं शहर अगदी आटोपशीर आहे. रेल्वे स्थानकातून निघालं की पंधरा मिनिटांत मोठ्या घुमटाखाली, आणि तिथून आणखी दहा मिनिटांत नदीवर. त्यामुळे पहिल्यांदा जाणारे नकाशा पसरून यादी करत बसतात: सकाळी हे, शेजारीच ते, जेवून पुलापलीकडचं. कागदावर सगळं छान बसतं. जुलैतल्या दुपारी दोन वाजता त्या दगडी चौकात उभं राहिलं की यादीचा निकाल लागतो. हे शहर टेकड्यांमधल्या खोलगट जागेत, आर्नो नदीच्या काठी वसलेलं आहे. वारा बेताचा, हवा दमट, आणि पारा पस्तिशीच्या वर जाणं यात कुणालाच नवल वाटत नाही. शिवाय दिवसभर तापलेला दगड रात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो.

तेव्हा इथला कार्यक्रम घड्याळ बघून आखायचा. सकाळी आठ ते साडेबारा बाहेर. मग जेवण आणि चार-साडेचारपर्यंत खोलीत झोप, किंवा वातानुकूलित संग्रहालय. संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर, ते रात्री अकरापर्यंत. आपल्याकडे वैशाखात घरोघरी हेच चालतं. परदेशात पोचल्यावर मात्र 'पैसे घालून आलोय' म्हणून आपण ते शहाणपण गुंडाळून ठेवतो.

कधी जावं

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, तिथला उन्हाळा जून ते ऑगस्ट. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जाणं होत असेल तर उत्तम, एखादी पावसाची सर सोडली तर हवा सुखाची असते. जूनचा पहिला पंधरवडाही चालून जातो. जुलै-ऑगस्ट हाच पर्याय असेल तर पुढचं सगळं दुप्पट लक्ष देऊन वाचा.

दोन तारखा लक्षात ठेवा. २४ जूनला शहराचा रक्षक मानलेल्या संत जॉनचा सण असतो. सांता क्रोचेच्या चौकात माती पसरून 'काल्चो स्तोरिको' नावाच्या जुन्या, बऱ्यापैकी हाणामारीच्या फुटबॉलचा अंतिम सामना होतो आणि रात्री नदीकाठून आतषबाजी दिसते. गर्दी सोसत असेल तर त्या दिवशी तिथे जरूर असा. दुसरी तारीख १५ ऑगस्ट. तो इटलीचा सुट्टीचा मोठा दिवस, आणि त्याच्या आगेमागे कितीतरी घरगुती खानावळी आठवडा-दोन आठवडे कुलूपबंद असतात. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, मालक समुद्रावर असतात.

मुक्काम तीन रात्रींचा धरा. दोनमध्ये धावपळ होते. चौथी मिळाली तर पिझाला न जाता ती फ्लॉरेन्सलाच द्यावी असं माझं मत. कलत्या मनोऱ्याला हात लावल्यासारखा फोटो काढण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा बसने फिएझोलेच्या टेकडीवर जा. पाऊण तासाच्या आत पोचता, वर जुनं रोमन नाट्यगृह आहे, थोडा वारा आहे आणि खाली सगळं शहर आहे.

आधी काय बुक करायचं

पहिलं काम शेंगेन व्हिसाचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळ्यात अर्जाच्या तारखा भराभर भरतात, तेव्हा 'बघू पुढच्या महिन्यात' असं म्हणू नका. अर्जासाठी राहण्याची सोय दाखवावी लागते, तर ती रद्द करता येईल अशीच करा.

व्हिसा हातात आला की दुसरं काम हॉटेलचं किंवा रेल्वेचं नाही, तर संग्रहालयांच्या तिकिटांचं. तीन तिकिटांवर तुमचा सगळा कार्यक्रम बेतलेला असतो: उफिझी, अकादेमिया, आणि कॅथेड्रलच्या घुमटावर चढण्याचं. तिन्हींना ठरलेली वेळ असते, आणि सकाळच्या वेळा आधी जातात. घुमटाची वेळ एकदा घेतली की बदलत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. उफिझी आणि अकादेमियाच्या तिकिटावर ४ युरो आरक्षणाचे जास्त लागतात, ते आनंदाने द्या. बिनआरक्षणाची रांग उन्हात उभी असते. इंटरनेटवर शोधलं तर वरच्या निकालांत दुप्पट भावाने तिकीट विकणारे दलाल दिसतात. संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरून दिलेल्या दुव्यानेच जा.

सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत असतो. मुलांसाठी पूर्ण तिकीट काढून बसू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असतं, पण तो दिवस टाळा. त्या दिवशी वाचलेले पैसे रांगेत वसूल होतात.

सोमवारी उफिझी आणि अकादेमिया दोन्ही बंद. म्हणून मंगळवारी तिथे दोन दिवसांची गर्दी एकदम लोटते. बुधवार-गुरुवार त्यातल्या त्यात बरे. सोमवार पदरी आलाच तर कॅथेड्रलचा परिसर, सांता क्रोचे आणि पालात्सो वेक्यो हा जुना नगरराजवाडा त्या दिवशी करा.

पोचायचं कसं

मुंबईहून बहुतेक जण आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून रोमला नाहीतर मिलानला उतरतात. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून थेट गाडी ३२ मिनिटांत तेर्मिनी स्थानकावर नेते. तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स दीड तास, मिलानहून दोन तासांच्या आसपास. त्रेनितालिया कंपनीच्या फ्रेच्चारोसा आणि इतालो कंपनीच्या अशा दोन प्रकारच्या गाड्या धावतात आणि दोन्ही चांगल्या आहेत. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. पण विमान उतरल्यावर तासाभरातली गाडी धरायचा हट्ट नको, कारण सर्वांत स्वस्त तिकिटं चुकलेल्या गाडीचे पैसे परत देत नाहीत.

तिकिटावर 'फिरेन्झे एस.एम.एन.' असं लिहिलेलं हवं. हेच सांता मारिया नोवेल्ला, जुन्या शहराच्या दारातलं स्थानक. फ्लॉरेन्सच्या नावाची आणखीही स्थानकं आहेत, तिथे उतरलात तर बॅगा ओढत बसाल. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, तर दंड होतो आणि 'आम्ही नवीन आहोत' हे कारण चालत नाही.

फ्लॉरेन्सचा स्वतःचाही लहान विमानतळ आहे. तिथून टी२ ट्राम वीसेक मिनिटांत स्थानकापाशी आणते. टॅक्सीची गरज नाही.

भाड्याने गाडी घ्यायची असेल तर शहर सोडताना घ्या. जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि ती कॅमेऱ्यांवर चालते. आत शिरल्याचं तुम्हाला कळतही नाही. दंडाचा कागद काही महिन्यांनी ठाण्या-पुण्याच्या पत्त्यावर येतो, गाडी कंपनीचं शुल्क वर वेगळं.

राहायचं कुठे

स्थानकाच्या जवळ राहिलात तर बॅगांचा त्रास वाचतो, पण परिसर यथातथाच. सांता क्रोचेच्या बाजूला रात्री जाग असते. नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागात, सांतो स्पिरितो चौकाच्या आसपास, अजून कारागिरांची दुकानं आहेत आणि संध्याकाळी लोक आपापल्या दारात गप्पा मारत असतात. निवड माझी असेल तर तिथली.

बुक करताना दोन गोष्टी लेखी विचारा: वातानुकूलन आहे का, आणि लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींत 'तिसरा मजला' म्हणजे आपल्या पायांना चौथा वाटतो, इतकी छतं उंच असतात. पंखा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. खोलीला लाकडी झडपा असतील तर सकाळी बाहेर पडताना त्या ओढून घ्या, स्थानिक लोक तेच करतात. नदीकाठी डासही आहेत, चावरे आहेत, आणि खिडक्यांना जाळ्या असतीलच असं नाही. ओडोमॉस घरूनच न्या.

हॉटेलच्या दर्जाप्रमाणे माणशी, दर रात्रीचा शहर कर वेगळा द्यावा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेकदा नसतो.

पहिली सकाळ: घुमट

घुमटाची सव्वाआठची वेळ मिळवा. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, मधेच परत फिरायला जागा नाही. दहाच्या पुढे त्या अरुंद जिन्यात गर्दी आणि उकाडा दोन्ही वाढतात. गुडघे, हृदय किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर हा बेत सरळ सोडा, त्यात कमीपणा नाही. शेजारच्या जोत्तोच्या घंटामनोऱ्याला ४१४ पायऱ्या असल्या तरी मधे मधे थांबायला मजले आहेत. आणि खरं तर घुमट बघायचा तर तो मनोऱ्यावरूनच दिसतो. घुमटावर चढलेल्याला घुमट दिसत नाही.

तरीही चढलात तर चढताना आजूबाजूला बघा. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट उभारला तो जमिनीपासून लाकडी आधार न देता. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल असं लाकूड आणायचं कुठून हाच प्रश्न होता. त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले आणि विटा आडव्या थरांत मधेमधे उभ्या विटा घालून अशा गुंफल्या की ओला थर खाली घसरू नये. तुमचा जिना या दोन घुमटांच्या मधूनच जातो, आणि कलत्या भिंतीला हात लावला की ती विटांची गुंफण बोटांना कळते. वाटेत आतल्या कठड्यावरून छतावरचं अंतिम निवाड्याचं चित्र अगदी जवळून दिसतं. खालून बारीक वाटणारी भुतं इथे माणसापेक्षा मोठी आहेत.

कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण रांग असते आणि आतून ते बरंच रिकामं आहे. रांग मोठी असेल तर मी तरी थांबणार नाही. याच परिसराचं एकत्रित तिकीट तीन दिवस चालतं आणि त्यात मागच्या बाजूचं संग्रहालय येतं. ते दुपारसाठी राखून ठेवा. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी २७ वर्षं घालवून केलेलं बाप्तिस्मागृहाचं सोनेरी दार तिथे आहे. चौकात ज्याच्यासमोर सगळे फोटो काढत असतात ती नक्कल. दोनातेल्लोने लाकडात कोरलेली, उपासतापासांनी खंगलेली मेरी मॅग्डालेनही तिथेच. हॉल मोठे, थंड, आणि दुपारी तीनला सुद्धा बऱ्यापैकी मोकळे.

चर्चमध्ये शिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. एक सुती ओढणी पिशवीत ठेवली की काम भागतं. उन्हातही तीच उपयोगी पडते.

दुसरी सकाळ: उफिझी

पहिल्या वेळेचं तिकीट, म्हणजे पुन्हा सव्वाआठ. हे दालन वरच्या मजल्यावरून सुरू होतं. सगळे लोक पहिल्या खोलीपासून निष्ठेने बघत येतात आणि बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या चित्रांपाशी साडेनऊ-दहाला एकच कोंडी होते. तुम्ही उलट करा. आत शिरलात की बाकीचं सोडून थेट बोत्तिचेल्लीच्या खोल्या गाठा. 'व्हीनसचा जन्म' आणि 'वसंत' यांच्यासमोर वीस मिनिटं जवळजवळ एकट्याने उभं राहता येतं. मग मागे येऊन सुरुवातीपासून बघा. लिओनार्दोचं देवदूताच्या निरोपाचं चित्र, मायकेलअँजेलोचं गोल चौकटीतलं कुटुंब, काराव्हाज्जोची ढालीवरची मेडुसा, आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची जुडिथ एवढं नीट पाहिलंत तरी सकाळ सार्थकी लागली. तीन तासांच्या वर कुणाचंच डोकं चालत नाही. दोन बाजूंच्या जोडमार्गातल्या खिडकीशी थांबा: खाली आर्नो आणि पोंते वेक्यो या जुन्या पुलाचं पोस्टकार्डवरचं दृश्य तिथूनच दिसतं.

ही चित्रं अजून याच शहरात का आहेत, याचं श्रेय एका बाईला आहे. इथे राज्य केलेल्या मेडिची घराण्यातली शेवटची वारस अॅना मारिया लुइझा हिने १७३७ साली नव्या राज्यकर्त्यांशी करार केला की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जायचा नाही. बहुतेक प्रवासी तिचं नावही न ऐकता बाहेर पडतात.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासाठी अकादेमियात तासभर पुरे. ५.१७ मीटर उंच, १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, आणि तोही दुसऱ्या शिल्पकारांनी सुरुवात करून टाकून दिलेल्या दगडातून. १८७३ पर्यंत तो उघड्या चौकात ऊनपाऊस झेलत उभा होता. त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गिकेत मायकेलअँजेलोचे अपुरे राहिलेले 'बंदिवान' दोन्ही बाजूंना आहेत. गर्दी त्यांच्याकडे पाठ करून पुढे पळते. त्यांच्यापाशी थांबा, छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात.

अकादेमियाच्या जवळच, आल्फानी रस्त्यावर, एक लहानसं संग्रहालय आहे: ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे. फर्दिनांदो मेडिचीने १५८८ साली सुरू केलेली रंगीत दगडांच्या जडावकामाची ही कार्यशाळा. ज्यांनी जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकात संत फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहिली आहे त्यांनी इथे अर्धा तास नक्की काढावा. त्या समाधीचा संगमरवरी आणि रंगीत दगडांचा चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याची भेट. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने तो फ्लॉरेन्समध्ये घडवला आणि १६९८ साली तो गोव्यात बसवला गेला. त्याच परंपरेतली दगडाची फळं, पक्षी आणि फुलं इथे हाताच्या अंतरावर आहेत, आणि खोल्यांत अनेकदा तुम्ही आणि राखणदार एवढेच असता.

तिसरी सकाळ: कोल्हापूरकरांचं काम

मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ही जागा चुकवू नये. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडची भेट आटोपून परतत असताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. कॅथलिक शहरात हिंदू पद्धतीने दहन ही अपूर्व गोष्ट. खास परवानगी मिळवून, मुग्नोने नावाचा छोटा प्रवाह आर्नोला जिथे मिळतो त्या संगमावर अग्निसंस्कार झाले. १८७४ साली त्या ठिकाणी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. पुतळा इंग्लिश शिल्पकार चार्ल्स फुलर यांचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा याच मँटसाहेबांच्या हातचा. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात, आणि जवळच्या मोठ्या केबल-पुलाचंही नाव तेच.

जागा काशिने या लांबच लांब बागेच्या पश्चिम टोकाला आहे. टी१ ट्रामने काशिनेच्या थांब्यावर उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा. अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता आहे, झाडी दाट आहे, पण सकाळीच निघा. भाड्याची सायकल घेतली तर वीस मिनिटांचं काम. पाणी बरोबर न्या, टोकाला दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. अंधार पडल्यावर या बागेत जाऊ नये, हे तिथले लोकही सांगतात. मंगळवारी सकाळी बागेच्या अलीकडच्या भागात मोठा आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गेलात तर दोन्ही होईल.

संध्याकाळी

जूनअखेरीस सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहानंतर जवळजवळ आख्खा दुसरा दिवस हातात असतो. एका संध्याकाळी नदीपलीकडे चढून पियाझ्झाले मिकेलांजेलोला जा. चालणं नको असेल तर बस जाते. मावळतीला तिथे जत्रा असते. तिच्यात न अडकता आणखी पाच-दहा मिनिटं वर चढलात की सान मिनियातोचं चर्च लागतं. बांधकाम १०१८ मध्ये सुरू झालेलं, पांढऱ्या-हिरव्या दगडांचं. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिथले साधू जुन्या पद्धतीने गातात. वेळ दारावर लावलेली असते.

पोंते वेक्यो दिवसा निव्वळ गर्दी. रात्री दहानंतर सोनारांच्या लाकडी फळ्या लागलेल्या असतात, तेव्हा तो बघा. १३४५ चा पूल. पूर्वी त्यावर खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहराचे बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. सांता क्रोचेच्या गल्ल्यांतून फिरताना भिंतींवर डोक्याच्याही वर लहान पाट्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं.

खाण्याचं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, फक्त विचारून खावं लागतं. 'सोनो वेजेतारियानो' पाठ करा, बाई असाल तर 'वेजेतारियाना'. रागू म्हटलं की त्यात मांस आहे. टोमॅटो-बेसिलचा पास्ता, पालक-रिकोटाचं सारण भरलेले राविओली, राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याच्या डिशा सगळीकडे मिळतात. उन्हाळ्यात पांझानेल्ला नक्की मागवा: शिळा पाव भिजवून, पिळून, त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, बेसिल आणि व्हिनेगर. शिळ्या पोळीचा कुस्करा आवडणाऱ्या घरांत हा प्रकार लगेच रुजेल. 'पाप्पा अल पोमोदोरो' हा पाव-टोमॅटोचा दाट रस्साही चांगला, फक्त मांसाचं पाणी घातलंय का ते विचारा. इथला पाव अळणी असतो. तो तसाच असतो, तक्रार करू नका. कडक शाकाहारी असाल तर पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं हे माहीत असू द्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्यावं.

मांसाहाऱ्यांसाठी: शहराची शान असलेला बिस्तेक्का हा गाईचा, आणि गाड्यांवर पावात मिळणारं लांप्रेदोत्तो हे गाईच्या पोटाचं. खाणाऱ्यांनी आवडीने खावं, न खाणाऱ्यांनी नावं लक्षात ठेवावीत.

दुपारचं जेवण अडीचपर्यंत, मग संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक स्वयंपाकघरं बंद. मधे भूक लागली तर स्कियाच्चाता, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, त्यात चीज आणि भाजलेल्या वांग्याच्या चकत्या. नाहीतर १८७४ पासूनच्या मेर्कातो चेंत्राले बाजाराचा वरचा मजला, तो रात्रीपर्यंत चालतो. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावलेले असतात. ती फसवणूक नाही, रीत आहे, आणि मग वेगळी टीप द्यायची सक्ती नसते. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायलात तर दीड युरोच्या आसपास. तीच चौकातल्या खुर्चीत बसून प्यायलात तर तिप्पट-चौपट.

सुपरमार्केटमध्ये पीच, अंजीर, कलिंगड स्वस्त आणि सुंदर असतात. फळांना हात लावण्याआधी तिथला प्लास्टिकचा हातमोजा चढवा, वजन करून चिकटपट्टी लावा, मगच गल्ल्यावर जा. आइस्क्रीम घेताना भडक रंगाचे, डोंगरासारखे रचलेले प्रकार दिसले की पुढच्या दुकानात जा.

ऊन, पाणी, चोर

बाटली बरोबर ठेवा. सार्वजनिक नळांचं पाणी पिण्याचं असतं. सिन्योरियाच्या चौकात नेपच्यूनच्या कारंज्यापाशी तर थंड पाण्याचा मोफत नळ आहे. ओआरएसची चार-पाच पाकिटं घरून न्या. इटलीचं आरोग्य मंत्रालय शहरवार उष्णतेचे इशारे देतं. लाल इशारा असेल त्या दुपारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं बाहेर काढू नका. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान, आणीबाणीचा नंबर ११२.

बोबोलीची बाग नावाला बाग, पण चढाची आणि बरीचशी उघडी. ती सकाळीच करावी नाहीतर सोडावी.

खिसेकापू स्थानकात, ट्राममध्ये आणि कॅथेड्रलच्या रांगेत असतात. तिकीट यंत्रापाशी आपणहून मदतीला येणारा, सही मागायला फळी पुढे करणारी, आणि रस्त्यावर पसरलेल्या चित्रांवर तुमचा पाय पडावा याची वाट बघणारा, तिघांनाही न थांबता ओलांडा. फुटपाथवरची नकली ब्रँडची पर्स घेणाऱ्यालाही इथे दंड होतो, आणि तो ३०० युरोंपासून सुरू होतो. चामड्याच्या वस्तू हव्या असतील तर सान लोरेन्झोच्या बाजारात घासाघीस चालते, पण शिवण आतून बघून घ्या.

आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, अडॅप्टर लागेल. मोबाइलचे दोन बारीक पिनांचे चार्जर बहुतेकदा बसतात.

निघताना

खोली सोडायची वेळ सकाळची आणि गाडी संध्याकाळची असेल तर बॅगा हॉटेलात किंवा स्थानकातल्या सामानघरात ठेवा. पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत. एकाच दुकानातून ७० युरोंच्या वर खरेदी झाली असेल तर पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्रीचा कागद तेव्हाच मागून घ्या, नंतर मिळत नाही. तो कागद युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर कस्टमकडून पक्का करून घ्यायचा असतो. रोमहून दुबई-दोहामार्गे मुंबईला येत असाल तर ते काम रोमलाच करायचं, आणि वस्तू चेक-इनच्या बॅगेत असतील तर बॅग देण्याआधी. उन्हाळ्यात तिथेही रांग असते, म्हणून विमानतळावर एक तास जास्तीचा धरूनच फ्लॉरेन्सहून गाडीचं तिकीट काढा.